तोंडाने चिकटणारा मासा

१ सप्टेंबर १९८४
आजपासून रोज लिहिणार. कॉलेजात कायम लेक्चररची जागा एकच, मुलाखत १२ ऑक्टोबरला. अकरा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून बेडूक फाडतोय, आता पुरे. मुलुंडच्या डोंगरातल्या ओढ्यातून मासे आणले. बोटभर, चपटे. पाणी धो धो वाहतं, पण गडी दगड सोडत नाही. का? तोंडाने चोखून धरतो म्हणून. ही माझी थिअरी. पेपर सुरू केला. निष्कर्ष आधीच लिहून टाकला, अवघड तेच असतं.

२ सप्टेंबर
मासे तसे भीमराजने पकडले. आमच्या लॅबचा शिपाई. बी.एस्सी. आहे, पण वशिला नाही. मी काठावरून मार्गदर्शन केलं. (घसरलो. एक बूट वाहून गेला.)

९ सप्टेंबर
रोज लिहिणं जमलं नाही. टाकीत नळाची धार सोडली, मासे दगडाला चिकटले. भीमराज विचारतो, सर, तोंडच चिकटलंय तर तो खातो कधी, श्वास कसा घेतो? बालिश प्रश्न. त्याला टेबलं पुसायला लावली.

२० सप्टेंबर
भीमराजने वही केलीय. धार किती, मासा किती वेळ टिकला, पर कसे पसरले. म्हणतो, सर, परांची खालची बाजू खरखरीत आहे, बोट लावून बघा ना. नाही लावलं. बोट लावून संशोधन होत असतं तर मासळीबाजारात सगळ्याच डॉक्टर झाल्या असत्या.

६ ऑक्टोबर
झकास आयडिया! दगडाऐवजी तिरकी काच, वरून नळाची धार. मुलाखतीच्या कमिटीने खालून वाकून तोंड बघायचं. ऑफिस म्हणतं, काच डिसेंबरपर्यंत मिळणार नाही. घरी लग्नाचा फोटो मोठा आहे, त्याची काढली. सुगंधा म्हणाली, आधी विचारायचंत तरी. बायकोला विचारून विज्ञान पुढे गेलंय का कधी? डायमंड पेन्सिलने काचेवर रुपयाएवढं वर्तुळ कोरलं. शेजारी अक्षरं कोरली: इथे पाहा.

११ ऑक्टोबर
भीमराज म्हणतो, एकदा करून बघू या. गरज नाही. सुगंधाला सांगितलं, कायम झालो की चारकोपला घरासाठी अर्ज करू. ती फोटोवरची धूळ पुसत होती.

१२ ऑक्टोबर
मासा चिकटला. अगदी वर्तुळात. कमिटी वाकली. तोंड काचेला लागलेलंच नव्हतं. मजेत उघडझाप चालली होती. मी म्हटलं, हा आजारी असावा. दुसरा ठेवला. तोही आजारी. तिसऱ्याला कमिटीच्या मुख्य बाई म्हणाल्या, अहो, तोंड तर मोकळं आहे, मग धरलंय कशाने? भीमराजने हळूच वही पुढे केली. बाई त्याच्याशी अर्धा तास बोलल्या. माझी मुलाखत चार मिनिटं.

१५ ऑक्टोबर
योग्य उमेदवार नाही म्हणून जागा रिकामीच ठेवली. म्हणजे मी समोर बसलो असताना रिकामी! राजकारण, दुसरं काय. लॅबच्या बेसिनपाशी रडू आलं. भीमराजने पाहिलं, पाण्याचा ग्लास दिला. त्याचाच जास्त राग येतो.

१९ जून १९८५
भीमराजचा पेपर छापून आला. सगळा परांवर. शेवटी माझे आभार, काच दिल्याबद्दल.
काच घरी आणून फोटोला बसवली. वर्तुळ बरोबर माझ्या तोंडाभोवती आलंय. शेजारी: इथे पाहा. सुगंधाला म्हटलं, नवीन काच आणतो. म्हणाली, राहू दे, बरं दिसतंय.