दणदणीत आवाजाचं इंजिन

कुरुंदा, पौष वद्य ३, शके १८५९

चि. भुजंगास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आमी सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो.

हळद काढून झाली. शिजवायला कढया मांडायच्या, पर फोडलेलं लाकूड न्हाई. लाकडं फोडताना आपल्या संतरामच्या पोटरीत कुऱ्हाड बसली, जखम चिघळली अन् लेकरू गेलं, तवापासून घरात कुणी कुऱ्हाड धरत न्हाई. म्हणून सुताराकडून सागाची चौकट करून घेतली. जड चाक फिरलं की लोखंडी पाचर खाली येते अन् ओंडका फाटतो. माणसाच्या हातानं ते चाक फिरत न्हाई. तू गिरणीत फिटर. कोणती मोटार लावू, तिला ताकद कशाची देऊ, ते कळव.

तुझ्यापासून काय लपवू? दुपारी गाव निजलं की लाकडाच्या खोपीतून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. जाऊन पाहावं तर कुणी न्हाई. आपला गडी लखमा तिकडं फिरकत न्हाई. तवा मोटार दणदणीत आवाजाची पाहा.

तुझा दादा,
ग्यानबा


नांदेड, माघ शुद्ध २

ती. दादांच्या चरणी भुजंगचा दंडवत. वि. वि. पत्र वाचलं अन् लगेच लिहायला बसलो.

विजेची मोटार सगळ्यांत चांगली, धूर न्हाई की गोंगाट न्हाई. पर कुरुंद्यात तार कुठं? अन् बॅटरीवर ओंडका फुटत न्हाई. आपल्या मळ्यातल्या विहिरीवरचं राकेलचं इंजिन लावा, तेवढी ताकद पुरे. ते भरभर फिरतं, म्हणून त्याला लहान चाक अन् यंत्राला मोठं बसवा, दोन्हींवरून पट्टा चढवा. पाचर सावकाश येईल, पर जोरानं. मोठ्या चाकाशेजारी एक मोकळं, नुसतंच फिरणारं चाक ठेवा. दांड्यानं पट्टा त्याच्यावर सरकवला की पाचर थांबते. हे केल्याबिगर इंजिन चालू करू नका, तुमाला माझी आण. पट्टा पाठवून राहिलो.

आवाजाची चिंता नको, पार हट्टा गावची माणसं तक्रार घेऊन येतील. द्वारकावैनींना ते घाव ऐकू येतात का, हे तुमी लिहिलं न्हाई.

धाकट्यावर माया ठेवा.
भुजंग


कुरुंदा, माघ वद्य ६

चि. भुजंगास आशीर्वाद. वि. वि. पट्टा बराबर बसला. खोपीशेजारीच इंजिन चालू केलं. बाभळीचा बुंधा काकडीसारखा फाटला. लखमा किती दिवसांनी हसला! दुपार झाली, पर इंजिनापुढं घाव ऐकू आले न्हाईत. मला बरं वाटलं.

पर तुझी वैनी जेवेना. काहून म्हणून विचारलं, तर म्हणाली, रोज दुपारी माझं लेकरू लाकडं फोडायला येतं, मी भिंतीला पाठ लावून ऐकत बसते. तुमच्या इंजिनानं त्याला हाकलून दिलं.

भुजंगा, एका घरात आमी दोघं तोच आवाज ऐकत होतो, अन् एकमेकांना बोललो न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी जुंपली. इंजिन, यंत्र, ओंडके, सगळं विहिरीवर नेलं. तिथला आवाज घरापर्यंत येत न्हाई. लाकूड फुटून राहिलंय, हळद शिजून राहिलीय.

काल दुपारी मी बी तिच्याजवळ भिंतीला टेकून बसलो. बराच वेळ काही न्हाई. मग घाव सुरू झाले. ती हळूच म्हणाली, आज दमलाय, सावकाश फोडतोय.

मला बी तसंच वाटलं.

येऊन जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
ग्यानबा