मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

दि. ३ फेब्रुवारी

चि. नटबोल्टास,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी ओलांडलेल्या गॅरेजमालकाला या नावाने हाक मारू नये, हे कळतं मला. पण लहानपणी घरातलं एकुलतं एक घड्याळ तू उघडलंस आणि ते पुन्हा कधी घड्याळ झालं नाही, त्याची शिक्षा जन्मभर भोग.

आज कामासाठी लिहिते आहे. शेडमधली गाडी चालू करायची आहे. हसू नकोस. ह्यांना झटका आला त्या सकाळी ती उभी राहिली, ती आजतागायत उभीच आहे. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी अजून टपावर आहे आणि पाटीला टेकून मांजर झोपतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले की हृदय फार थकलं आहे, काही करायचं राहिलं असेल तर उशीर करू नका. झटक्यापासून ह्यांना एखादाच शब्द फुटतो; संध्याकाळी त्यांनी खिडकीतून शेडकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, गाडी विकायची का? तर असे भडकले! मग डाव्या हाताने हवेत स्टिअरिंग फिरवलं आणि पुन्हा माझ्याकडे बोट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सगळं गाव ह्यांना मास्तर म्हणतं, अर्ध्या गावाला ह्यांनी गाडी शिकवली, फक्त मला नाही. बायकोला शिकवायला बसलं की संसार मोडतो, म्हणायचे. आता त्यांना मला शिकवायचं आहे. तेही पाण्याच्या टाकीच्या चढावर, जिथे त्यांचे झाडून सगळे विद्यार्थी रडले. उजवं अंग गेलं असलं तरी डावा पाय शाबूत आहे. शेजारी बसून त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायला तेवढा पुरे. मी हो म्हणून बसले आहे. माझा शब्द आता तुझ्या हातात.

वहिनीला आठवण सांग. तुझी माझ्यावर माया आहेच, ती पान्यासकट पाठव.

तुझी,
ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, त्यातला अपमानही पोचला. घड्याळ बंदच होतं, हे मी शेवटच्या श्वासापर्यंत सांगणार.

आता नीट वाच. किल्लीला हात लावायचा नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पत्र मिटायच्या आधी शेडमध्ये पळशील. जुनं पेट्रोल आधी सगळं काढून टाक, त्याचा आता नुसता डिंक झाला असेल. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोड आणि मुरू दे. मग इंजिन हाताने फिरवून बघायचं. सहज फिरलं तरच बॅटरी जोडायची. समोरच्या बसड्रायव्हरला हाताशी घे. तो भाऊजींचाच चेला, नाही म्हणणार नाही.

पण खरी काळजी ब्रेकची आहे. इतकी वर्षं तेल पडून राहिलं की आतली रबरं कुजतात. पायाला पेडल घट्ट लागेल आणि नेमकं चढावर दगा देईल. तो दुहेरी ब्रेक मीच बसवला होता, तुला आठवत असेल. दोन्ही पेडलांना एकच लोखंडी दांडा आहे, एकाने दाबलं की दुसऱ्याचंही खाली जातं. त्यामुळे निकामी झाला तर दोघांचाही एकदमच होणार. ब्रेकचा मुख्य सिलिंडर नवा बसवल्याशिवाय चाक हलता कामा नये. तो घेऊन मी स्वतः येतो. तोवर भाऊजींना कितीही राग येवो, गाडी शेडमध्येच.

त्यांना माझा पूर्ण नमस्कार, तुला अर्धा.

तुझा,
नटबोल्ट (नाइलाजाने)


दि. २१ फेब्रुवारी

चि. नटबोल्टास,
भरभरून आशीर्वाद.

चालू झाली! आधी खोकली, मग शिंकली आणि मग चक्क बोलायला लागली. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी बाळंतपणं केली होती, आणि घरटं कशाचं, तर ह्यांच्याच स्कूलच्या जाहिरातींच्या कपट्यांचं. बसड्रायव्हरने किल्ली फिरवली तेव्हा मी मुद्दाम ह्यांच्या खोलीत उभी होते. आवाज आला तसे ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. तर कपाळाला आठ्या! बोट वर करून म्हणाले, 'चोक'. मी धावत जाऊन सांगितलं. चोक खरंच ओढलेला राहिला होता. तो आत ढकलला तशी गाडी शांत चालू लागली, आणि हेही शांत झाले. मीच मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

तुझा हुकूम मोडलेला नाही. पण ह्यांना धीर कुठला? म्हणून पलंगाशेजारी शाळा भरली आहे. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. मी ताट धरून स्टिअरिंग फिरवते, ह्यांची काठी म्हणजे गिअर, आणि तीन जुन्या चपला म्हणजे पेडलं. मी तोंडाने सांगत जाते की आता फाटकाबाहेर पडले, आता पोस्टाचं वळण आलं. चुकले की ह्यांचा डावा पाय धाडकन जमिनीवर आपटतो. पोस्टाच्या वळणावर मी हॉर्न विसरते आणि तिथे रोज आपटतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढी बोलणी मी कधी खाल्ली नव्हती, आणि एवढी हसलेही नव्हते.

चढ अजून शिकवलेला नाही. तो गाडीतच, असं खुणेने सांगतात. लवकर ये रे. हे रोज सकाळी खिडकीकडे बघतात.

तुझी वाट बघणारी,
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गॅरेजमध्ये मोठ्याने वाचलं. सगळे हसले, मग एकेक जण कामाचं निमित्त काढून आत गेला.

सिलिंडर मिळत नाही. या मॉडेलचे भाग बनायचे बंद झाले आहेत. सगळे भंगारबाजार पालथे घातले. एक मिळाला, पण आतून चरे पडलेला. तो बसवून भाऊजींना चढावर पाठवणं माझ्याच्याने होणार नाही. एका ओळखीच्याने कबूल केलं आहे, आठवड्याभरात हातात येईल. आला की त्याच दिवशी निघतो.

मला माहीत आहे, तू म्हणशील की एकदा हळू नेऊन आणू, शेडपासून फाटकापर्यंत. नको, ताई. ऐक माझं. थोडी कळ काढ, आणि भाऊजींनाही काढायला सांग. तोवर हॉर्न पाठ कर.

उरलेलं समोर बसून बोलू.

तुझा,
भाऊ


दि. ६ मार्च

चि. भावास,

हे गेले.

तार केली आहे, पण तारेत काय मावणार? तुला नीट कळावं म्हणून लिहिते आहे.

काल सकाळी शाळा भरली होती. पोस्टाच्या वळणावर मी हॉर्न दिला. पाय आपटला नाही, म्हणजे बरोबर होतं. मला फार आनंद झाला. मी म्हटलं, आज चढही शिकवाच, तुमचा मेहुणा काही येत नाही लवकर. ह्यांनी मान हलवली. हसले थोडे. मग टाकीच्या चढाला लागलो. मी वर बघत सांगत होते की आता अर्ध्यावर थांबले, आता क्लच सोडते. मुद्दाम चुकीचा सोडला. ह्यांनी रागवावं म्हणून. म्हटलं, अहो, गाडी मागे येतेय. पाय वाजला नाही. पुन्हा मोठ्याने म्हटलं, अहो, मागे येतेय ना गाडी!

मग मी मान वळवून बघितलं.

ताट हातातच होतं. ते घेऊन मी किती वेळ बसले, कोण जाणे. बसड्रायव्हरच्या बायकोने येऊन काढून घेतलं.

ये.

ताई


दि. १४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन पोचलो. तुझी तार आली त्याच दिवशी सिलिंडर हातात आला होता, हे तुला तिथे सांगता आलं नाही. तुझ्याकडे येताना सगळा प्रवासभर तो मांडीवर धरून बसलो होतो. खराब ब्रेक बसवला नाही, हे बरोबरच केलं, असं स्वतःला रोज सांगतो. तरी जेवताना घास अडकतो.

सिलिंडर बसवल्यापासून महिनाभरातच तू गाडी छान चालवायला लागलीस. मी मागच्या सीटवर बसलो ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पुढे बसवेना.

एक विचारायचं आहे. आता ती शाळेची गाडी राहिली नाही. पाटी उतरवलीच आहे. डावीकडची पेडलं शेजारी बसणाऱ्याच्या पायात येतात. पुढच्या खेपेला दांडा काढून टाकू का? तासाभराचं काम आहे.

तब्येत सांभाळ. वेळेवर जेवतेस ना, हे खरं खरं कळव.

तुझा,
नटबोल्ट


दि. २० मे

चि. नटबोल्टास,
अनेक आशीर्वाद.

जेवते. तूही जेव. ब्रेक नीट नसता आणि गाडी मागे आली असती, तर ह्यांनी तुला वर बसून शिव्या दिल्या असत्या. तू जे केलंस तेच ह्यांनीही केलं असतं. त्यांचीच शिस्त ती. हे माझं शेवटचं, यावर पुन्हा बोलायचं नाही.

परवा परीक्षा पास झाले. तपासनीस ह्यांचाच विद्यार्थी निघाला. पोस्टाच्या वळणावर हॉर्न दिला तसा तो गालात हसला.

काल पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले. टाकीच्या चढावर गेले. अर्ध्यावर थांबले, आणि क्लच खरंच चुकीचा सुटला. मुद्दाम नाही. गाडी मागे यायला लागली. जीव घाबरा झाला, आणि मी ब्रेकवर पाय दिला. त्याच क्षणी शेजारी, रिकाम्या सीटसमोर, ह्यांच्या बाजूचं पेडल खाली गेलं.

तुझाच दांडा आहे, ठाऊक आहे मला. तरी मी तिथे चढावरच हँडब्रेक ओढून खूप रडले. मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता, मारू दिला. मग डोळे पुसले आणि पुन्हा क्लच सोडला. या खेपेला बरोबर.

तो दांडा काढू नकोस. पुढच्या खेपेला आलास की फक्त तेल घाल, करकरतो आहे.

आणि बस पुढे. पाय जरा आखडून बसायचे, एवढंच.

तुझी,
ताई