वन्सं, तुमचा डबा परत न्या

वन्सं, नमस्कार. वाकून केलाय असं समजा, सध्या कंबर वाकत नाही. तुमचा खांदा, भावोजींची साखर, थोरल्याची नोकरी सगळं ठीक असेलच. नसलं तर उत्तरात लिहा, आत्ता विचारत बसायला मला सवड नाही. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. तुमच्या भावाचं काय चाललंय ते मला कळेनासं झालंय, म्हणून हे पत्र. (अक्षर लागलं नाही तर थोरल्याकडून वाचून घ्या. माझी शाळा चौथीत सुटली, त्याला आता इलाज नाही. शाई मात्र चांगली आहे.)

सुरुवात तुमच्यापासून झाली हे आधीच सांगते. तुम्ही आवळायला, उसवायला म्हणून जुन्या कपड्यांचं खोकं पाठवलंत, त्याच्या तळाशी थोरल्याचा तो टीव्हीला लावून खेळायचा गेमचा डबा निघाला. (तोच, ज्याच्या कॅसेटीत फुंकर मारमारून पोराला चक्कर यायची.) मी तो भंगारात द्यायला दाराशी ठेवला, तो तुमच्या भावाने उचलून आत आणला. तुम्हाला माहीतच आहे, लिफ्टदुरुस्तीचं काम सुटल्यापासून (गुडघ्यांनी सोडवलं, साहेबांनी नाही) हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. बोलणं नाही, भांडण नाही. मी भांडण उकरून बघितलं, मुद्दाम भाजीत मीठ कमी घालून बघितलं. मुकाट्याने जेवले आणि ताट विसळून ठेवलं. अशा माणसाबरोबर संसार कसा करायचा? म्हणून त्यांनी डबा उघडला तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. तिथेच फसले.

मला वाटलं दुरुस्त करतायत. दुरुस्त कसलं, डबा चांगला चालत होता, टीव्हीवर विमान उडताना मी स्वतः बघितलं. आणि ह्यांनी तो चालता डबा बिघडवायला घेतला. आत एक काळा किडा असतो, (किडा म्हणजे पार्ट हो, त्याला दोन्ही बाजूंना पाय असतात) तो आवाज काढतो. त्याच्या पायांना तारा लावल्या, तारा बाहेर काढल्या आणि एका मोडीत निघालेल्या लिफ्टच्या बटणांच्या पट्टीला जोडल्या. आता तळमजला दाबला की म्हैस हंबरते, तिसरा मजला दाबला की कुकर शिट्टी मारतो, आणि ‘दार उघडा’ दाबलं की दोन्ही एकदम. हे सगळं माझ्या इस्त्रीच्या टेबलावर. एका गिऱ्हाइकाच्या पँटवर सोल्डरचा थेंब पडून भोक झालं, तिथे मी खिसा शिवून दिला आणि हल्ली असाच असतो म्हणून सांगितलं. (गुडघ्यावर.) एकदा मी सरळच विचारलं, की हे बिघडलंय का चालतंय? तर म्हणाले, “नीट बिघडायला वेळ लागतो.” ह्याचा अर्थ तुम्हाला लागला तर कळवा. लहानपणापासून तुम्ही त्यांना ओळखता.

मला वाटलं जगात हे एकटेच असतील. तसं नाहीये. जुने कॉम्प्युटर, गेमचे डबे उघडून त्यांच्याकडून गाणी बडवून घेणारी माणसं आहेत, आणि ती बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात जमतात. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. चांगला शिकलेला माणूस, त्याच्या दवाखान्यात हेच आवाज दिवसभर ऐकू येतात, तरी सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच ऐकायला येतो. भंगारवाल्याकडे तारा शोधताना ह्यांची त्यांच्याशी गाठ पडली, आणि त्या लोकांनी तुमच्या भावाला ‘लिफ्टकाका’ करून टाकलं आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाजवायला बोलावलं. वन्सं, त्या दिवसापासून हे बदलले. बुटांना पॉलिश केलं. दाढी रोज. आणि गुरुवारी जेवताना म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच भांडायला उभी राहिले, आणि तेही भांडले, चांगले ताट निवेपर्यंत. मग ताट घासताना मनात आलं. शनिवारी ह्यांची फजिती झाली तर हा माणूस परत त्या खुर्चीत बसणार, आणि ह्या खेपेला मिठाचं पोतं ओतलं तरी उठणार नाही.

म्हणून मी मदत करायला गेले. डबा चार लोकांत जायचा, त्याचं पोट उघडं, पट्टी गंजलेली. म्हटलं, अंगावर काहीतरी हवं. तुमच्याच खोक्यातल्या निळ्या परकराची झकास खोळ शिवली, प्रत्येक मजल्याला वेगळं काज केलं. खोळ चढवताना खालून तारांची टोकं लोंबताना दिसली. कुठे जोडलेली नाहीत, नुसतीच वाऱ्यावर. आता माझं आयुष्य गेलं शिवणात. शिवून झालं की लोंबते दोरे कापायचे, नाहीतर गिऱ्हाईक तोंडावर कपडा फेकतं. मी विचारसुद्धा केला नाही, माझ्या कात्रीने केला असेल तर माहीत नाही. सगळी टोकं मुळापासून साफ. काय सुबक दिसत होता म्हणून सांगू!

तळघरात सगळे खुर्च्या टाकून बसलेले. ह्यांनी तळमजला दाबला, हंबरला. तिसरा दाबला, शिट्टी मारली. मग खोळीखाली बोटं घालून काहीतरी चाचपायला लागले, आणि चेहरा असा झाला, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकल्यावर आतल्या माणसाचा होतो तसा. मला खुणेने जवळ बोलावलं.

“इथल्या तारा कुठे गेल्या?”

“कापल्या. लोंबत होत्या.”

तर वन्सं, त्या लोंबायलाच ठेवल्या होत्या. एका उघड्या टोकाला एका हाताचं बोट लावायचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या हाताचं, मग आपल्या अंगातून करंट जातो आणि सूर वरखाली होतो. (साध्या सेलवर चालतं, घाबरू नका. मी विचारून घेतलं. आधी नाही, नंतर.) म्हणजे तारेतला उरलेला तुकडा माणसाचा. हे आधी सांगायला काय झालं होतं? हे रागावले असते तर बरं झालं असतं. ह्यांचे डोळे हळूहळू खिडकीजवळच्या खुर्चीकडे चालले होते, आणि तिथे तर खिडकीही नव्हती.

मी काय करणार? जिथे काही जमत नाही तिथे मी टाचणी लावते. मनगटावर टाचण्यांची गादी होतीच, ती मी लग्नकार्यातसुद्धा काढत नाही. कुठे कापलं ते बोटांना पाठ होतं. खोळीतून दोन टाचण्या बरोबर त्या कापलेल्या टोकांत खुपसल्या, पण सोडल्या की निसटायच्या. म्हणून एक मी दाबून धरली, दुसरी ह्यांनी. आणि मग त्यांनी मोकळ्या हाताने माझा मोकळा हात धरला. रस्ता ओलांडताना हा माणूस माझी पिशवी धरतो, हात नाही. आणि इथे भर तळघरात! डब्यातून असा आवाज निघाला की माझ्या अंगावर काटा आला. हात घट्ट धरला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो, घाम आला की आणखीच चढतो. मजले ते कोपराने दाबत होते. लोक डोळे मिटून बसलेले. झोपले होते का ऐकत होते, मला सांगता येणार नाही. एक बाई डोळे पुसत होती, पण तळघरात धूळही फार होती. शेवटी मलाच त्या धुळीची शिंक आली, हात सुटला, सगळं एकदम गप्प झालं. आणि टाळ्या! दातांचा डॉक्टर म्हणाला, शेवटची ती शांतता सगळ्यांत सुंदर होती. मी शिंकले होते हो.

तर मला काही उमगत नाही. हे गाणं होतं का बिघाड, टाळ्या त्यांना होत्या का शिंकेला, कोण शहाणं, कोण वेडं. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ते ऐकतात. भावाला चांगलं दटावा आणि तो डबा परत न्या. मला माझं इस्त्रीचं टेबल हवंय.

तुमची कंटाळलेली भावजय

ता. क. तारा अजून जोडलेल्या नाहीत. रोज सांगते, सोल्डर करा, हातासरशी होईल. हो म्हणतात आणि चहा पितात. इतक्या लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाला एवढी तार जोडता येईना, हे काय ते मला कळत नाही. जेवणं झाली की म्हणतात, टाचण्या घेऊन ये, सराव करू. खुर्चीवर सध्या कापडाचे गठ्ठे ठेवते, बसायला कोणी नसतं.

दुसरा ता. क. खरं काम राहिलंच. धाकट्याचा तसलाच दुसरा डबा तुमच्या माळ्यावर असेल, तो कपड्यांत गुंडाळून लगेच पाठवा. पुसू नका. काही लोंबत असलं तर कापू नका. वर परत न्या असं लिहिलंय ते खोडणार होते, पण शाई खरंच फार चांगली आहे, पानभर फराटे उठतील. दुसऱ्या डब्यावर मजले मी दाबणार. तुमच्या भावाला सुरातलं काही कळत नाही, मध्येच हात सैल सोडतात.