पाण्यापासून दूर ठेवावे

अहिल्याबाई घाट, वाराणसी

ती. शरदिनीआत्या हिस,

केयूरचा साष्टांग नमस्कार. (खाटेवरूनच घालतो आहे, उठलो की आई धावत येते.) तुझे गुडघे काय म्हणतात? ग्वाल्हेरची थंडी त्यांना सोसते ना? माझी तब्येत ज्याला विचारशील तो वेगळीच सांगेल, म्हणून मीच लिहितो.

विश्वेश्वरकाकांनी तुला फोनवर कावीळ सांगितली असेल. साफ खोटं. झालं ते असं. रॉटरडॅमला आमच्या कंपनीने परदेशातून आलेल्यांसाठी मन मोकळं करायला फोनची सोय केली, तीही मातृभाषेत. मला नाशिकच्या एक बाई मिळाल्या. (तिकडे शनिवार-रविवार कोणाशी बोलणंच नसायचं. सोमवारी पहिला शब्द काढताना आवाज फाटायचा. त्यामुळे मराठी ऐकून मी जरा वाहवलोच.) काय केलं तर बरं वाटेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गंगेत एकदा बुडी मारली की सुटलो." आता बनारसच्या माणसाच्या तोंडी याचा अर्थ काय? आंघोळ! पण बाई एकदम हळू बोलायला लागल्या. असं कधीपासून वाटतं? म्हटलं, लहानपणापासून, आमच्या घरात सगळ्यांनाच वाटतं, आजोबा तर रोज जायचे. काही ठरवलंय का? म्हटलं, हो तर, पहाटे, गर्दी नसताना.

बाईंनी मला फोन ठेवूच दिला नाही. तोवर दारात दोन धिप्पाड माणसं हजर, अतिशय सभ्य. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि भेंडी तशीच राहिली. मग डॉक्टर, मग सक्तीची रजा, मग घरच्यांना सूचना : यांना पाण्यापासून दूर ठेवावे. अगं, आपल्या घरातून दिसतं काय, पाणीच ना? तेव्हा खिडकी बंद, दाराला कुलूप आणि काका उंबऱ्यात आडवे. आंघोळीला गेलो की मी आतून मोठ्याने स्तोत्र म्हणायचं, असा आईचा नियम. (श्वास घ्यायला थांबलो तरी कडी वाजते.) त्यात कावीळ ऐकून अख्खा मोहल्ला उसाचा रस आणि मुळे आणून देतो. मुळा खाऊन मन बरं होत असतं तर मी आतापर्यंत ठणठणीत झालो असतो.

काल माझं डोकं फिरलं. खिडकी उघडली आणि मुन्शी घाटापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "पीलिया-वीलिया कुछ नहीं है, मन बीमार है!" खालच्या चहावाल्याने वर बघून विचारलं, "तो चिल्ला काहे रहे हैं भइया, चाय भेजें?" आणि चहा पाठवला. एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही. काका मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आता म्हणे माझं लग्न जमणार नाही. न जमो! पाय मोडला असता तर काकांनी प्लास्टर उपरण्याखाली लपवलं असतं का? मी डॉक्टरांकडे जातो, गोळ्या घेतो आणि विचारेल त्याला सांगतो. यापुढेही सांगणार. परत जायचं की नाही ते मी ठरवीन, काकांचं पंचांग नाही.

तुझ्या मधुवंतीला आशीर्वाद, तिच्या मांजराला मुळा.

तुझा,
(कावीळ नसलेला) केयूर

ता. क. काका या घरात फक्त तुला भितात. गुडघ्यांची समजूत घाल आणि ये. कुलूप काढायला लाव. मला गंगेत बुडी मारायची आहे.

आणखी एक. नाशिकच्या बाईंनी चुकीचं ऐकलं, असं मी सगळ्यांना हसत सांगतो. फारसं चुकीचं नव्हतं, आत्या. त्या दिवशी माझ्या मनात दोन्हींपैकी कोणता अर्थ होता, ते मलाच अजून नीट सांगता येत नाही. म्हणून कुलूप निघालं तरी मी एकटा उतरणार नाही. पोहायला शिकवताना माझा दंड धरायचीस तसा धर, आणि मी वर येईपर्यंत सोडू नकोस.