करवंदाची वाईन, बाटली नंबर चार

१४ मे
हौसाबाई स. साडेसातलाच आली. डोंगरावरच्या वाडीवरून टोपली डोक्यावर घेऊन, करवंदं पळसाच्या पानांखाली झाकलेली. पानं काढून वजन ४ किलो १२०. लालसर, चिरडलेली, किडकी निवडून ३ किलो ९४०. काळी कुळकुळीत. म्हणाली, खालच्या जाळीची पाणचट लागतात, ही वरच्या जाळीची आहेत.
"येवढी कुनाला, दादा?"
वाईन करणार म्हटलं.
"आमी खातो बा. त्याची दारू न्हाई करीत."
वाईन आणि दारू यांतला फरक तिला नीट समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं. जाताना मंगलला म्हणाली, "वैनी, दादांच्या दारूला झाकान घट लावा, मुंग्या येतील."
करवंदं धुऊन फ्रीजरमध्ये. गोठून सालं फुटली की रस सुटतो. मंगलचे मटार बाहेर काढावे लागले. बोलली. बोलू दे.

१५ मे
स. ९ ला सुरुवात. करवंदं हाताने कुस्करली, चीक बोटांना चिकटतो म्हणून आधी हाताला तेलाचं बोट. साखर दीड किलो, उकळून गार केलेलं पाणी, सगळं मिळून ८ लिटर. हायड्रोमीटरने साखर मोजली, १.०९०. जसा हवा तसा. यीस्ट कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून घातलं. आईची चिनी मातीची दहा लिटरची बरणी, तीन पाण्यांनी धुऊन, उन्हात वाळवून. झाकणाला भोक, भोकात सलाईनची नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. कडेने कणीक लावून बंद. भोवती ओलं गोणपाट. खोलीत ३१ अंश.
तिसरा प्रयत्न आहे. पहिला जांभळाचा, त्याचं व्हिनेगर झालं. मंगलने त्यात कांदे मुरवले. दुसऱ्याला बुरशी.
सं. अण्णा डोकावून गेला. थोरला भाऊ, मागच्या आळीत राहतो, दिवसातून एकदा तरी तपासणीला येतो.
"बाळ्या, ह्या वर्षीबी कांदंच का?"
कंपनीत एकवीस वर्षं क्वालिटीला काढली. मायक्रोमीटर वापरायला मला कोणी शिकवलं नाही, हेही कोणी शिकवलेलं नाही. पण अण्णाच्या तोंडून माझ्या एकाही कामाला 'चांगलं' हा शब्द आलेला नाही. एवढं घर बांधलं तर म्हणाला, पायरी उंच झाली. उंच नाही. सहा इंच. सगळ्या सहा इंच.
ह्या वाईनला त्याने चांगलं म्हटलं पाहिजे. बस.

१८ मे
तीन दिवस झाले. नळीतून एक बुडबुडा नाही. तापमान बरोबर, साखर बरोबर, यीस्टची तारीख बरोबर. वही चार वेळा पाहिली. चूक सापडत नाही.

१९ मे
सापडली. मला नाही, मंगलला. चहा गाळताना सहज म्हणाली, "अहो, ती सासूबाईंची लोणच्याची बरणी ना? वीस वर्षं मोहरी आणि मीठ प्यायलीय ती. त्यात काय आंबणार? म्हणून तर लोणचं टिकतं."
बरणीला नाक लावलं. पाण्याने गेलेला वास साखरेच्या रसाने परत वर आणला होता. मोहरी.
 तिने माळ्यावरून पाच-पाच लिटरच्या दोन काचेच्या बरण्या काढून दिल्या. रस दोन्हींत सारखा वाटला. ताजं यीस्ट. बरणी १, बरणी २ अशा चिठ्ठ्या.

२० मे
स. ५.५० ला बुडबुडा!! १ नंबरमधून. ६.२० ला २ नंबरमधून. मिनिटाला अकरा. स्टूल घेऊन समोर बसलो. मंगल म्हणाली, "पाळण्यातलं पोर बघत बसल्यासारखे बसलात."
फार बरं वाटलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२८ मे
१.०१०. पंच्याच्या फडक्याने गाळली. चोथा मागच्या अंगणात टाकला, कोंबड्यांनी खाल्ला. कोंबड्या व्यवस्थित.

१६ जून
०.९९६. साखर संपली. तळाचा गाळ न हलवता नळीने वरची वर काढली. चव: आंबट, तुरट, जिभेच्या कडांना धरते. वास करवंदाचा. अजून राहू दे.

२ ऑगस्ट
बाटल्या भरल्या. नऊ. एक ते तीन बरणी १ मधल्या, चार ते सहा बरणी २ मधल्या, उरलेल्या तीन दोन्हींच्या मिसळीच्या. लेबलं हाताने लिहिली. उन्हात धरली तर डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, पलीकडचे खिडकीचे गज दिसतात.
समोरच्या वीकेंड बंगल्यातले साहेब कुंपणावरून म्हणाले, दोन बाटल्या विकत द्या ना. विकायची नाही. तसा मंगलला शब्द दिलाय.
अण्णाला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. आखाडाचं मटण. श्रावण लागला की तो शिवणार नाही, म्हणजे एवढाच वेळ आहे.

९ ऑगस्ट
अण्णा एक वाजता आला. येताना पायरीला ठेच लागली. "सांगितलं हुतं, उंच हाय." 
माझा नि मंगलचा घोट बाटली तीनमधून घेतला. अण्णासाठी चार नंबर नवीन फोडली. दोन्ही बरण्यांची तुलना करायची होती म्हणून. स्टीलच्या पेल्यात नाही, काचेच्या ग्लासात दिली, मुद्दाम. रंग दिसावा.
ग्लास डोळ्यांपुढे धरून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "काळी कशी रं? काढा हाय का?"
काळी! मंगलने माझ्या गुडघ्याला गुडघा लावला, म्हणजे बोलू नका.
प्यायला. काही म्हणाला नाही. मटणाचा रस्सा ओरपला, भाकरी मोडली, वहिनीच्या गुडघ्यांबद्दल बोलला. मग ग्लास पुढे सरकवून, "आन अर्धा."
अर्धा आन म्हणजे काय? चांगली म्हणजे चांगली म्हणावं. माणूस अर्धा का मागतो?
मंगल म्हणते, आवडल्याशिवाय मागेल का. मला ते पटत नाही. तोंडाने म्हणायला काय जातं?

१० ऑगस्ट
(दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. वहीची शेवटची पानं.)
स. साडेसहाला वहिनीचा फोन. "भावजी, काय पाजलंत तुमी ह्यांना?" पहाटेपासून उलट्या. डोकं फुटतंय. डोळा लालभडक आणि दिसत नाही, सगळं धुरकट.
उलटी. डोकं. दिसत नाही. विषारी दारूच्या बातमीत हेच तर असतं.
 मी ऊर्ध्वपातन केलेलं नाही, नुसती आंबवली आहे, आंबवलेल्यात ते विष इतकं होत नाही, हे मी वाचलंय, मला माहीत आहे. तरी. वही उघडली. मी प्यायलो, मंगल प्यायली, आम्हाला काही नाही. पण आम्ही तीन नंबर. अण्णा चार. बरणी २.
१९ मे. बरण्या बदलल्या असं लिहिलंय. आधी त्यात काय होतं ते लिहिलेलं नाही. कुठे कणीक लावली तेसुद्धा लिहिलंय, आणि हे नाही.
मंगलला विचारलं तर आवाज चढला. "त्या काचेच्या बरण्यांत आधी काय होतं?"
"काय असणार! एकात साबुदाणा, एकात शेंगदाणे!"
चार नंबर निम्मी उरली होती. घोटभर ग्लासात ओतली. मी पितो, मला झालं तर कळेल. मंगलने ग्लास हातातून काढून घेतला. "दोघं आडवे झालात तर गाडी कोण चालवणार? ही बाटली डॉक्टरला दाखवा. मी सांभाळते तिला, तुम्ही अण्णांना गाडीत बसवा."
पिरंगुटच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, काल काय घेतलं होतं? वहिनी माझ्याकडे बघत होती. सांगितलं. ते म्हणाले, ताबडतोब कोथरूडला, डोळ्यांच्या दवाखान्यात.
चांदणी चौकाच्या अलीकडे वीस मिनिटं गाडी जागेवर. अण्णा मागे मंगलच्या मांडीवर डोकं ठेवून. एकदाच बोलला. "बाळ्या, गाडी नीट चालव. मला काय न्हाई झालं."
आता आत नेलंय. मंगलच्या पिशवीत बाटली चार, टॉवेलमध्ये गुंडाळून. वहिनी दोन खुर्च्या सोडून बसली आहे.
त्याचा डोळा गेला तर मी

११ ऑगस्ट
काल पुढे लिहिता आलं नाही. आता लिहितो. क्रमाने.
डॉक्टरीण बाई तरुण, बोलायला फटकळ. मी बाटली पुढे केली, वही उघडली, साखर, यीस्ट, हायड्रोमीटर सांगायला लागलो. दोन वाक्यांत हात वर केला. "काका, थांबा. आधी पेशंट."
अण्णाचा उजवा डोळा हाताने झाकला. किती बोटं? "दिसत न्हाई." मग डावा झाकला, उजव्याने किती? "तीन. आन तुमच्या अंगठीत हिरवा खडा."
बाई माझ्याकडे वळल्या. "विषाने नजर जाते तेव्हा दोन्ही डोळ्यांची जाते. ह्यांचा एकच गेलाय. मोतीबिंदू पिकून फुगलाय, डोळ्यातलं प्रेशर वाढलंय. उलट्या नि डोकेदुखी त्यानेच. तुमच्या वाईनचा काही संबंध नाही."
मी वही मिटली. 
मग बाईंनी अण्णाला विचारलं, किती दिवस धूसर दिसतंय? अण्णा छताकडे बघायला लागला. वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाला, "दिवाळीपासनं. ऑपरेशनला कोन बसतंय सा दिवस घरात." घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. एका डोळ्यावर चालवत होता. दुसऱ्यातही सुरुवात आहे.
बाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर डोळा परत आणता आला नसता. तुम्ही घाबरून लगेच आणलंत हे बरं केलंत.
म्हणजे नुसतं डोळा लाल झाला असता तर वहिनीने डोळ्यावर दुधाची घडी ठेवली असती आणि अण्णा घरीच पडला असता. वाईनची भीती होती म्हणून उठून पळालो. हे मी कोणाला बोलून दाखवणार नाही. इथे लिहिलं, पुरे.
एक डोळा झाकून बघायचं! एकवीस वर्षं क्वालिटीला. जॉब दोन्ही बाजूंनी तपासायचा हे पोरांना मी शिकवत होतो. मला पहाटे तेवढं सुचलं नाही, बरणीतलं साबुदाण्याचं पीठ सुचलं.
वहिनी संध्याकाळी जवळ येऊन बसली. "भावजी, सकाळी जास्त बोलले." मी म्हटलं, तुमच्या जागी मी असतो तर बाटली डोक्यात घातली असती. हसली. मग रडली. मग चहा आणायला गेली.
प्रेशर उतरतंय. झोपलो. नऊ तास.

१२ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. सव्वा अकरा ते पावणेबारा. व्यवस्थित. बाहेर आणलं तेव्हा हिरव्या टोपीत अण्णा कसा दिसत होता ते सांगायची सोय नाही. "हसतूस काय रं?" म्हणाला. न बघता कळलं त्याला.

१३ ऑगस्ट
पट्टी काढली. पहिल्यांदा बघितलं वहिनीला. "तुजं केस कधी पिकलं?"
वहिनी म्हणाली, "दिवाळीपासनं."
बाहेर कॉरिडॉरमध्ये मंगलला हसू आवरेना.

२३ ऑगस्ट
अण्णा आज पहिल्यांदा घरी आला. काळा चष्मा, वहिनीने छत्री धरलेली. औषधं रोज वेळच्या वेळी घालते, मी तिला तक्ता करून दिलाय: कोणतं औषध, किती थेंब, खूण करायला चौकट.
पायरीशी थांबला. एक एक करत चढला. 
बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "ती बाटली हाय का रं? दवाखान्यात नेलेली."
होती. चार नंबर, निम्म्याच्या जरा खाली उरलेली. श्रावण आहे, आणि बाईंनी महिनाभर काही घ्यायचं नाही म्हणून बजावलंय. "प्यायची न्हाई," म्हणाला, "दाव नुसती."
ग्लासात ओतून दिली. खिडकीकडे तोंड करून बसला. चष्मा काढला. उजवा डोळा झाकला, बघितली. मग डावा झाकला, बघितली. परत उजवा.  मंगल स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात धरून तशीच उभी.
"ह्या डोळ्यानं लाल हाय," म्हणाला. "लालभडक. ह्या डोळ्यानं काळीच."
"मग खरी कुठली?" मी.
"खरी नव्या डोळ्याची आसंल." ग्लास नाकाशी नेला. वास घेतला, बराच वेळ. परत खाली ठेवला. "चव गनपती झाल्यावर सांगतो. त्या दिशी काय ध्यानात न्हाई."
अर्धा मागून प्यायला, आणि ध्यानात नाही!
उठला. दाराशी गेला, पायरीवर वाकून नव्या डोळ्याने बघितलं. "बाळ्या. तिसरी उंच हाय. बाकीच्या बऱ्या हायेत."
गेल्यावर टेप काढली. पहिली सहा इंच. दुसरी सहा इंच. चौथी सहा इंच.
तिसरी सहा इंच दोन सूत, पाव इंच जास्त.
पुसून, टेप सरळ धरून, परत मोजली. दोन सूत. फरशी बसवली त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो.
चार नंबर बूच लावून ठेवली आहे, पण तिच्यातली गणपतीपर्यंत बिघडेल. अण्णासाठी पाच नंबर काढून ठेवली. तीही बरणी २ चीच.