आखाजीच्या आत मॅटॅडोर

रविवार, २ मार्च. सकाळी.

ठरलं. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, अक्काला माहेरी आपल्या निळ्या मॅटॅडोरमधूनच आणायचं.

धुळ्याहून भूपेंद्रचा फोन होता. भूपेंद्र म्हणजे अक्काचा मुलगा, माझा भाचा. म्हणाला, मामा, आई माणसं विसरायला लागलीय. परवा ज्योतीला, म्हणजे स्वतःच्या सुनेला, दूधवाली समजली आणि दूध पातळ का म्हणून झापलं. पण तुमचं नाव अजून घेते. पितांबर निळी गाडी घेऊन येईल म्हणते. तुम्ही जरा लवकर येऊन जा.

माझ्या मते यात काळजीचं काही नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस एवढं विसरणारच. आणि निळी गाडी आठवते, म्हणजे मेन गोष्टी डोक्यात शाबूत आहेत.

गाडी अंगणात लिंबाखाली उभी आहे. इंजिन फर्स्ट क्लास. फक्त खालचा पत्रा जरा गंजलाय. मार्चमध्ये फ्लोअर, एप्रिलमध्ये रंग, आखाजी तीस एप्रिलला. भरपूर वेळ आहे. सुमनला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, धुळ्याला तासा-तासाला एसटी आहे. बायकोला मोठा विचार समजत नाही.

बुधवार, ५ मार्च.

सीटं काढली. रबराची मॅट काढली. मॅटखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो जोर न लावता पलीकडे गेला. तीन-चार ठिकाणी तेच. ड्रायव्हरच्या पायाखालून अंगणातलं गवत स्पष्ट दिसतं. सुमन म्हणाली, आतून जमीन दिसते. मी म्हणालो, दिसणारच, गाडी जमिनीवरच उभी आहे.

भूपेंद्रला फोन करून काम सुरू झाल्याचं कळवलं. तो म्हणाला, मामा, गाडीचं राहू द्या, तुम्ही या. हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही.

रविवार, ९ मार्च.

नशिराबादचा प्रेमराज वेल्डर येऊन गेला. गाडीखाली झोपून हातोडीनं ठोकलं. त्याच्या तोंडावर गंजाचा भुगा पडला. बाहेर येऊन म्हणाला, नाना, बठ्ठं गयेल शे, म्हणजे सगळंच गेलंय. पण लगेच म्हणाला, दोन दिवसनं काम शे, होळी झाली का येस. मला अशी पॉझिटिव्ह माणसं आवडतात. चहा दिला, वर खारी दिली.

शनिवार, १५ मार्च.

होळी झाली. प्रेमराज नाही. फोन लागत नाही.

काही बिघडत नाही. ग्राइंडर आणलाय. मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. बारा मिनिटांत आख्खा फ्लोअर बदलतो. मी पाइप कंपनीच्या स्टोअरमध्ये जन्म घालवला, पत्रा काय चीज आहे ते मला शिकवायला नको. कापण्याचं काम मीच करणार. प्रेमराजनं फक्त जोडायचं.

मंगळवार, १८ मार्च. दुपारी.

व्हिडिओतला माणूस आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप जोडतो आणि मग थोडा थोडा पत्रा कापतो. भित्रा असावा. मी सगळा फ्लोअर एका सकाळीत काढून टाकला. आता गाडीच्या आत उभं राहिलं की पाय थेट मातीत. समाधान वाटलं. उद्या आराम.

गुरुवार, २० मार्च.

दारं लागत नाहीत. ड्रायव्हरचं दार खाली टेकतं, सरकतं दार मध्येच अडकतं. गाडीची पाठ मधून बसल्यासारखी वाटते. उन्हामुळे असणार. पारा एक्केचाळीसवर आहे, लोखंड पसरतं. थंडीत बरोबर होईल.

भूपेंद्रचा फोन. अक्का सकाळी एकटीच बाहेर पडली आणि देवपूरच्या चौकात जाऊन उभी राहिली. कोणी विचारलं तर म्हणे, मना भाऊ ई राहिना गाडी लिसन, भाऊ गाडी घेऊन येतोय. त्याला ऑफिस सोडून जावं लागलं. म्हणाला, या रविवारी बसनं याच.

बसनं? मुराळी म्हणून? बहिणीला आखाजीला माहेरी आणायला भाऊ जातो तो काय कंडक्टरकडून तिकीट फाडून? मी त्याला शांतपणे सांगितलं की मी येतोय ते गाडी घेऊनच.

सोमवार, २४ मार्च.

पत्र्याचा प्रश्न सुटला. बाजारात जायची गरजच नाही. घरात धान्याची मोठी कोठी आहे, चांगल्या जाड पत्र्याची. सुमन भिशीला गेली होती. कोठीत तळाशी थोडी ज्वारी होती ती चादरीवर ओतली आणि कोठी उभी कापली.

कोठी गोल असते, हे कापल्यावर जास्त लक्षात येतं. पत्रा सपाट करायला वर दगड ठेवलेत. पायाखालून सरकला की परत गुंडाळतो.

संध्याकाळी सुमन आली. तिनं चादरीवरची ज्वारी डब्यात भरली. वर्षाचा गहू परवा यायचा होता, हे मला नंतर आठवलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

गुढी उभारली. सुमन गुढीशी बोलते, माझ्याशी नाही. गहू पोत्यांत, पोती हॉलमध्ये, सोफा बाहेर ओट्यावर. तिनं मॅटॅडोरच्या टपावर प्लॅस्टिक टाकून बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घातल्यात. त्यामुळे हातोडी मारता येत नाही, टप हलला की बिबड्या मोडतात. मी कामाला उभा आहे, पण परिस्थिती साथ देत नाही.

रविवार, ६ एप्रिल.

प्रेमराज आला! मशीन घेऊन आला. त्याच्या मामेभावाच्या सासऱ्याचं काही होतं म्हणे, म्हणून उशीर. कोठीचा पत्रा पाहून खूश झाला. भारी माल शे, म्हणाला. जोडायला घेतला तर पांढरा धूर निघाला आणि आम्ही दोघंही खोकून बेजार. सुमननं दोघांना गूळ दिला, पण मला प्रेमराजच्या हातून.

जुना पत्रा इतका पातळ आहे की टाका मारायला गेलं की तिथे भोक पडतं. ते भोक बुजवायला गेलं की ते मोठं होतं. तरी डावी बाजू बऱ्यापैकी चिकटली. दुपारी प्रेमराज लग्नाला निघून गेला. आते व्हई जाई, म्हणाला. होऊन जाईल, माझंही तेच मत.

गुरुवार, १० एप्रिल.

भूपेंद्रनं व्हिडिओ कॉल लावून दिला. अक्का ओट्यावर बसली होती. वाळलीय. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी हात हलवला. तिनेही हलवला, दारावर आलेल्या माणसाला हलवावा तसा. मग म्हणाली, पितांबरले सांगजो, लवकर ये.

नेटवर्क खराब होतं. माझा चेहरा नीट दिसला नसणार. शिवाय मी उन्हात उभा होतो आणि डोक्याला फडकं बांधलेलं.

भूपेंद्रनं फोन स्वतःकडे वळवला. मीच म्हणालो, बरं मग, ठेवतो.

बुधवार, १६ एप्रिल.

आज काम नाही. पारा त्रेचाळीस. लिंबाखाली बसलो.

वडील आधीच गेलेले, आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अक्काच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झालेली. तिनं सासूच्या पाया पडून मला धुळ्याला नेलं, शाळेत घातलं, दहावीपर्यंत स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं. तिला स्वतःचं माहेर असं उरलंच नव्हतं. आखाजी आली की गल्लीतल्या सगळ्या जणी माहेरी निघायच्या, झोके घ्यायला आणि गौराईची गाणी म्हणायला, आणि ही ओट्यावर बसून त्यांच्या पिशव्या पाहायची. मला नोकरी लागली, पिंप्राळ्यात दोन खोल्या झाल्या आणि मी कंपनीच्या लिलावात ही गाडी घेतली. पहिल्या आखाजीला दारात हॉर्न वाजवला तेव्हा तिनं आख्ख्या गल्लीला हाका मारून गाडी दाखवली. पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसायची. सुमनला मागे. पारोळ्याला उसाचा रस. दर वर्षी.

सुमन आज स्वतःहून बोलली. तुम्ही बसनं का जात नाही, ते मला कळतं, म्हणाली. मी म्हणालो, काय कळतं? ती आत गेली.

मी घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही. बसनं गेलो, समोर उभा राहिलो आणि तिनं ओळखलं नाही तर? गाडी असली की ओळखेल. गाडीत मी बसलेला असेन, मग मलाही ओळखेल. यात चुकण्यासारखं काही नाही. म्हणून फ्लोअर झालाच पाहिजे.

उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

शुक्रवार, १८ एप्रिल. सकाळी नऊ.

आत्ता उठलो. सोमवारपासून.

मंगळवार, २२ एप्रिल.

फ्लोअर पूर्ण! प्रेमराज काल दिवसभर होता. वरून रेड ऑक्साइड मारला, खालून डांबर. सीटं बसवली. भूपेंद्रला कळवलं, शनिवारी निघतो. तो म्हणाला, ठीक आहे मामा. आवाज थकलेला होता.

सुमनला टेस्टसाठी आत बसायला सांगितलं. तिनं नकार दिला. मीच ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. स्टिअरिंग धरलं, हॉर्न वाजवून पाहिला, वाजला नाही. तेवढ्यात खालून कुरकुर झाली आणि सीट माझ्यासकट खाली गेली. पत्रा फाटला नाही, त्याचं कौतुक. तो ज्या जुन्या पट्ट्यांना जोडला होता, त्या सुटल्या. मी जमिनीवर, स्टिअरिंग डोक्याच्या वर. सुमन धावत आली. हसली नाही. हात देऊन बाहेर काढलं आणि लागलं का विचारलं. ती हसली असती तर बरं झालं असतं.

कंबर धरलीय. गाडीचं दुरुस्त होण्यासारखं आहे.

रविवार, २७ एप्रिल.

प्रेमराज म्हणतो, आखाजी झाली का करू. सुमननं पिशवी भरलीय. मी उद्या धुळ्याला चाललेय, तुम्हाला यायचं तर या, म्हणाली. मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, विचार करायला मार्चपासून वेळ होता.

सोमवार, २८ एप्रिल. धुळे.

एसटीनं आलो. पारोळ्याला गाडी थांबली. रस घेतला नाही.

अक्का ओट्यावरच होती. नवं हिरवं लुगडं, केसांना तेल, मांडीवर पिशवी. ज्योती म्हणाली, आठवडा झाला, रोज सकाळी अशीच तयार होऊन बसते.

मी समोर जाऊन पाया पडलो. तिनं पाय मागे घेतले, अनोळखी माणूस पाया पडला की बाई घेते तसे. मग मायेनं म्हणाली, कथाईन उनात भाऊ? म्हटलं, जळगावहून. तिचा चेहरा एकदम उजळला. मना भाऊ बी जळगावनाच शे, म्हणाली. सरकून जागा दिली. उन्हातून आलात, बसा म्हणाली. सुमनलाही ओळखलं नाही, पण तिचा हात धरून ठेवला.

मग ती मला माझ्याबद्दल सांगत बसली. तो हुशार आहे. कंपनीत मोठा साहेब आहे. लहानपणी फार रडायचा, आता रडत नाही. त्याले उशीर व्हई जास, पन येस तो.

मी म्हणालो, अक्का, मीच पितांबर. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग मागे रस्त्याकडे पाहिलं, आणि गाडी कोठे शे म्हणून विचारलं. मी म्हणालो, चला माझ्याबरोबर, एसटीनं जाऊ. तिनं पिशवी छातीशी धरली. राग नव्हता. नही भाऊ, मी त्यानासंगेच जासू, म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी बसलो. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती मान वर करून पाहायची. एकदा जुन्या डिझेलच्या गाडीचा आवाज आला तेव्हा मी स्वतः उठून कोपऱ्यापर्यंत पाहून आलो.

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी. धुळे.

सकाळी अक्कानं विचारलं, त्याना फोन उना का? मी म्हणालो, आला. निघालाय. पारोळ्यापर्यंत पोहोचलाय. तिला बरं वाटलं.

दुपारी पुरणपोळी, आमरस, तिखट रशी. अक्कानं ज्योतीला भावाचं ताट वाढायला लावलं. ज्योतीनं वाढलं आणि डोळे पुसत माझ्यापुढे ठेवलं. मी पहिला घास घेणार, तर अक्का वरमली. पाहुण्याला कसं सांगावं, असं तिला झालं असणार. मग हळूच म्हणाली, ते ताट मना भाऊनं शे.

मी ताट उचललं, वर दुसरं ताट झाकलं आणि तिच्याजवळ ठेवलं. ज्योतीनं मला वेगळं वाढलं. जेवलो.