मावशीकडे जेवायला गेलेलं वाक्य

सान पेद्रो, रविवार

प्रिय एलिहियो मामा,

आशीर्वाद द्या! (नुसती मान हलवलीत तरी तिथून इथवर पोचेल.) हाराबाकोआची थंड हवा मानवली का? मिलाग्रोस मामींचा फोन आला होता. गळ्याचं ऑपरेशन झकास झालं, डॉक्टरांनी बोलायला कधीच परवानगी दिली, आणि तुम्ही अजून मीठसुद्धा पाटीवर लिहून मागता म्हणे. रेडिओवर बेसबॉलचं धावतं वर्णन करून अख्ख्या गावाचे कान किटवणारा माणूस! मामी म्हणाल्या, आवाज पूर्वीसारखा नसला तर काय, या भीतीने तोंड उघडत नाहीत.

तर तुम्ही बोलत नाही म्हणून मीच बोलते. माझा प्रबंध तुमच्याच पालुपदावर आहे. चेंडू कुंपणापार गेला की तुम्ही ओरडायचात, "गेला, मावशीकडे जेवायला गेला!" आणि गावाने ते उचललं. दावं तोडून पळालेला बोकड, मोडलेलं लग्न, वीज, इथून जे जे जातं ते मावशीकडेच जेवायला जातं. राजधानीतल्या माझ्या मार्गदर्शकांना, डॉक्टर ब्रेतोन यांना, याचे ध्वनिमुद्रित पुरावे हवे होते. मी रेकॉर्डर घेऊन निघाले आणि माझी अक्कलही बहुधा तिकडेच जेवायला गेली.

आधी बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळणाऱ्यांकडे गेले. म्हटलं, जरा ते वाक्य म्हणून दाखवा. चौघांचे हात सोंगट्यांवरून उठले. तुमचा मित्र चिचो म्हणाला, "पोरी, आधी कोण गेलं ते सांग. उगाच तोंडातून काढलं तर फुकू लागेल!" (आधीच बोलल्याने ओढवणारी ही फुकूची पीडा मी तुम्हाला काय सांगू, चेंडू हवेत असताना तुम्ही स्वतः कधी ओठ हलवला नाहीत.) नंतर चिचो तो डाव हरला आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

मग शेजारच्या दोन्या तातिका. त्यांच्या मुलाचा व्हिसा अडकलाय. मी आपलं उदाहरण दिलं, समजा उद्या तुमचा मुलगा विमानात बसला, तर तुम्ही म्हणाल... आणि वाक्य बोलून मोकळी झाले. बाईंनी पायातली चप्पल काढली. मी गल्लीच्या टोकापर्यंत पळाले, आणि मागे त्या फुकू धुवायला उंबऱ्यावर बादलीभर पाणी ओतत होत्या. तेव्हापासून त्यांच्याकडची कॉफी बंद आहे.

शेवटी सुचलं, वीज गेली की गल्ली ओरडतेच. खिडकीत रेकॉर्डर लावून बसले. वीज गेली, अख्खी गल्ली एका सुरात गरजली आणि मी आनंदाने नाचले. मग लक्षात आलं की रेकॉर्डरही विजेवरच चालू होता. (त्यातले सेल आईने सामना ऐकायला रेडिओत घातले होते.) पण आपल्या गावात पुन्हा वीज जायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी नवे सेल घातले आणि पुरावा मिळाला.

ब्रेतोन म्हणतात, हे निरोपाचं वाक्य आहे. मी म्हणते, नाही. गोष्ट कुंपणापार गेली, आता कोणाच्याच हातात नाही, तेव्हाच माणसं ते उच्चारतात. तोवर तोंड मिटून बसतात, कारण आशा असते. प्रबंधात मी हेच लिहिलंय. लिहिताना सारखी तुमची पाटी डोळ्यांसमोर येत होती आणि मला रडू आलं, मामा. तुमच्या आवाजाचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही, एवढंच मला माहीत आहे.

मामींना माझ्याकडून घट्ट मिठी.

तुमची भाची,
योकास्ता

ता. क. शुक्रवारी सकाळी राजधानीत माझी तोंडी परीक्षा. पहिल्या रांगेतली खुर्ची तुमच्यासाठी धरलीय. पास झाले तर चेंडू कुंपणापार गेला समजायचं आणि ते वाक्य तुम्ही म्हणायचं. चिचो, दोन्या तातिका, सगळी गल्ली बस करून येतेय, आणि तुमच्या आधी कोणीही तोंड उघडणार नाही असं ठरलंय. आवाज घोगरा आला तरी चालेल, चिरका आला तरी चालेल. बाकीचं आम्ही ओरडू.

ता. क. आणखी एक. नापास झाले, तर मात्र गप्प बसा. त्याचा सराव तुम्हाला भरपूर आहे.